घाटाखालच्या रानात राहताना: चूल, कोयती, जळवा, गवे आणि बाकी सगळं (तुमचेही अनुभव लिहा)

आगोट
९ जून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज पाऊस लागलाय, लाइट दुपारपासून गेलेली आहे, फोन पॉवर बँकेला लावलाय, तर म्हटलं बसूया.

आम्ही २०१८ साली ठाण्यातलं बिऱ्हाड हलवून दोडामार्ग तालुक्यात राहायला आलो. तिलारीच्या खोऱ्याला लागून नवऱ्याच्या आजोबांची जुनी बाग होती, पोफळी, काजू, थोडे माड, आणि मागे लगेच डोंगर. वाडीत घरं नऊ. हाकेच्या अंतरावर एक आजी राहतात, नात्यातल्या नाहीत पण मी आजीच म्हणते, आणि मी खाली जे लिहिणार आहे त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांनी शिकवलेलं आहे हे आधीच सांगते.

यायच्या आधी मी बुशक्राफ्टचे (रानात राहण्याच्या कौशल्यांचे) व्हिडिओ पोटभर बघितले होते. सगळे थंड देशातले. बर्चची साल, पाइनचा चीक, बर्फ वितळवून पाणी. इथे आल्यावर कळलं की त्यातलं फार थोडं आपल्या कामाचं. तिकडे माणूस गारठून जाईल ही पहिली भीती, म्हणून आधी निवारा आणि आग. इथे जूनमध्ये मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीची काडी घासली की गुलच निघून येतो, चामड्याच्या चपलेवर चार दिवसात बुरशी. आणि भीती थंडीची नाही, आपण हात कुठे घालतो आणि पाय कुठे ठेवतो याची. पहिल्याच आठवड्यात मी लाकडाच्या ढिगात सरळ हात घातला तेव्हा आजी लांबूनच ओरडल्या, "बाय, हात घालूच्या आधी काठी घाल!" तेव्हापासून लाकूड, दगड, नारळाचा ढीग, पाण्याची पालथी बादली, काहीही उचलायच्या आधी काठीने दोनदा ठोकायचं. मागच्या आठ वर्षांत त्या ठोकण्याने बाहेर पडलेली फुरशी मी आता मोजत नाही.

आता चुलीचं. कोकणात पावसाआधीच्या तयारीला आगोट म्हणतात (माझा आयडी त्यावरूनच), म्हणजे मे अखेरपर्यंत लाकडं फोडून खोपीत रचलेली पाहिजेत, सोडणं (नारळाची वरची सालं) वाळवून पोत्यात भरलेली पाहिजेत. ते झालं असेल तर जुलै सुखाचा जातो. पण समजा बाहेर आहात आणि सगळं ओलं आहे. तेव्हा दोन गोष्टी शोधायच्या. एक, उभा वाळलेला बांबू, जमिनीवर पडलेला नाही, उभाच मेलेला. तो वरून चिंब असला तरी फोडला की आतून कोरडा निघतो, कोयतीने आतल्या बाजूने खरवडून काढायचा. दुसरी म्हणजे भेरली माड. त्याच्या झावळ्या खोडाला जिथे चिकटतात त्या बेचक्यात तपकिरी, कापसासारखा मऊ भुसा असतो. जुनी माणसं चकमकीची ठिणगी धरायला तोच वापरायची.

मी माझ्या फेरो रॉडने (ठिणग्या पाडायची सळई) करून बघितलं. ठिणगी पडली की जाळ येत नाही. नुसता एक लाल ठिपका दिसतो, मुंगीच्या डोक्याएवढा, आणि तो भुशातून हळू सरकायला लागतो, मागे काळी रेघ सोडत. तिथेच आपली घाई होते आणि आपण फुंकतो आणि तो विझतो. फुंकायचं नाही. सोडणाचे धागे पिंजून त्याचं घरटं करायचं, तो ठिपका अलगद त्यात ठेवायचा, दोन्ही हातांनी मिटायचं आणि मग लांबून, दमाने. आधी धूर पांढरा येतो, मग पिवळसर आणि दाट, आणि मग एकदम घरटं पेटतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा दुपारचे साडेतीन होते आणि मी सकाळी अकरापासून बसले होते.

एक सावधगिरी: काजूच्या बियांची सालं भडकन पेटतात म्हणून कोणी सरपणात टाकू नका. त्यातलं तेल अंगाला लागलं की कातडी जाते, धुराने डोळे आणि घसा पोळतो, आणि त्यावर शिजवलेलं तर अजिबात खाऊ नये.

बाकी जळवा, गवे, व्हाळ (ओढा) सगळं लिहिते सवडीने. तुम्हीही लिहा, कोकणच पाहिजे असं नाही.

पाणकोंबडी
९ जून

वाचतेय. लवकर लिही पुढचं. चुलीचा भाग दोनदा वाचला.

माडाखाली
१० जून

आगोटबाय, भेरली माडाचा वाचून माका माझ्या आज्याची आठवण इली. आजो रातचो सड्यावरसून (कातळाच्या पठारावरसून) येय तेवा हातात चूड. चूड म्हणजे सुक्या चुडताची (झावळीची) पाती एकत्र बांधून केलेलो पलितो. पेटवन हालवत चलाचा, हालवलास तर जाळ, थांबवलास तर नुसतो निखारो. तेल नाय, बॅटरी नाय. घराकडे इलो की उंबऱ्याभायर दगडार आपटून इजवायचो.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं प्रमाण मराठीत लिहितो. इथे बुशक्राफ्टवाले महागड्या चाकूबद्दल विचारतात, माझं मत असं की कोकणात चाकूपेक्षा कोयती आणि आकडी. आकडी म्हणजे कमरेला मागच्या बाजूला बांधायची लाकडी अडकवण, कोयती तिच्यात लटकते, धार अंगापासून लांब. माडावर चढताना, व्हाळ उतरताना दोन्ही हात मोकळे राहतात. कोयतीचं टोक आत वळलेलं असतं त्यामुळे करवंदीची जाळी ओढून कापता येते, हात आत घालावा लागत नाही. सरळ पात्याने जाळी कापायला गेलं की पातं निसटून मांडीवर येतं, मी बघितलेलं आहे. गावच्या लोहाराकडून घ्या, लाकडाची मूठ आपल्या हाताच्या मापाने बसवून देतो.

दोरीसाठी मुरुडशेंग म्हणजे आमची केवण. ओली साल सोलून पिळली की लगेच वापरता येते, पेंढ्या बांधायला आम्ही तीच वापरायचो.

डोंगरवाट
१० जून

मस्त धागा. मी पुण्याचा, सह्याद्रीत बरेच ट्रेक झालेत पण सगळे ग्रुपने. या जुलैमध्ये आंबोलीच्या बाजूला तीन दिवस एकटा राहायचा प्लॅन आहे, टेंट न नेता, फांद्या आणि पानांचा निवारा बांधून, पाणी जंगलातलंच, शक्य तेवढं खाणं पण. वेलीतून पाणी मिळतं असं वाचलंय, कोणती वेल? आणि जळवांना काय करायचं? कोणी सल्ला द्या प्लीज.

आगोट
११ जून

डोंगरवाट, तुझा उत्साह बघून बरं वाटलं, पण मी स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस.

आंबोलीला वर्षाला ७००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्येच. पानांचं छप्पर त्या पावसात टिकवायचं तर ते इरल्यासारखं विणावं लागतं, बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या आणि मध्ये पानं दाबून भरलेली, आणि ते करणारा माणूस त्याला दिवस घालवतो. तू संध्याकाळी फांद्या तोडून टाकशील आणि रात्री दोन वाजता भिजशील. शिवाय राखीव जंगलात फांदी तोडणं हा गुन्हाच आहे, आणि आमच्या इथलं तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल तर २०२० मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय. तिथे वाघाचे ठसे मिळतात. आपण शिकण्यासाठी म्हणून ते तोडावं हे मला पटत नाही. एक हलकी ताडपत्री, दोरी आणि हॅमॉक घे. या हवेत जमिनीवर झोपणं सगळ्यात वाईट, मुंग्या, जळवा, विंचू, वाहून येणारं पाणी सगळं जमिनीवरच असतं.

पाण्याची वेल म्हणजे उक्षी. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवट पांढऱ्या फुलांनी झाडांचे शेंडे भरलेले दिसतात ना, तीच. जाड जुना वेल असेल तर आत पाणी असतं, आधी वरचा घाव, मग खालचा, उलटं केलं तर पाणी वर ओढलं जातं. मी एप्रिलमध्ये आजींबरोबर प्यायलेय, हाताच्या लांबीच्या तुकड्यातून ओंजळभर, किंचित तुरट. पण त्यासाठी एक जुना वेल जातो, म्हणून गुरांमागे गेलेला माणूस अडला तरच कापायचा असं इथे मानतात. दुसरी कुठलीही वेल, विशेषतः दुधासारखा चीक येणारी, तोंडाला लावू नकोस. आणि जुलैत वेल कशाला, ताडपत्रीचा कोपरा खाली केला की भांडं भरतं. ओढ्याचं प्यायचं असेल तर उकळून.

खाण्याचं म्हणशील तर ओळख पक्की नसताना काहीच नको. शेवळं सगळ्यांना माहीत आहेत, पण ती काकडं किंवा दुसरं काही आंबट घातल्याशिवाय शिजवली तर घसा असा खाजतो की पाणी गिळता येत नाही. काजऱ्याची फळं नारिंगी, गोल, दिसायला गोड, आणि आतल्या बिया म्हणजे कुचला, जहाल विष. कळलावीचा कंद तसाच.

जळवांना तंबाखू. फडक्यात तंबाखू आणि थोडा चुना घालून पुरचुंडी बांध, काठीच्या टोकाला अडकव, ओली करून जळू दिसली की टेकव, सुटते. उपटू नकोस, तोंड जिथे चिकटलंय तिथून नख सरकवून सोडव. रक्त बराच वेळ वाहतं कारण ती ते गोठू देत नाही, घाबरायचं कारण नाही, धुऊन दाबून धर.

आणि व्हाळ. हे मात्र नीट वाच. २०२१ च्या जुलैमध्ये मी पलीकडच्या बागेतून परत येत होते, व्हाळात घोट्याएवढं पाणी, आमच्यावर पाऊस नव्हता. मध्यावर आले तर पाण्याचा रंग चहासारखा झाला आणि वाळकी पानं, काटक्या वाहत यायला लागल्या. मी थांबले, बघत राहिले, आणि मग आवाज आला. पाण्याचा नाही, दगडांचा. तळाशी दगड एकमेकांवर आपटत येतात त्याचा दबका गडगडाट, पायातून वर जाणवतो. मी आले त्या काठाला परत धावले. दहा मिनिटांत पाणी छातीला आलं असतं. त्या काठावर दोन तास बसून राहिले, पलीकडे नवरा आणि आजी उभे, एकमेकांचं बोलणंसुद्धा ऐकू येत नव्हतं. पाणी गढूळ झालं आणि पानं दिसली की विचार करायचा नाही, जवळचा काठ धरायचा.

सड्यावर असशील तर वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेव. मोकळ्या कातळावर आपणच सगळ्यात उंच असतो.

डोंगरवाट
११ जून

ताई राग कसला, उलट आभार. एकट्याने जायचा विचार सोडतो आहे. दगडांच्या आवाजाचं आधी कुठेच वाचलं नव्हतं.

मोहफूल
१२ जून

मी गडचिरोलीचा. आमचं जंगल तुमच्यासारखं ओलं नाही, उन्हाळ्यात पान न पान वाळतं, त्यामुळे आमच्याकडची अक्कल वेगळी आहे थोडी.

आमच्याकडे रानात जायचे दोन मोठे हंगाम, मार्च-एप्रिल मोहफुलांचा आणि मे महिना तेंदूपत्त्याचा. मोह रात्री गळतो, त्यामुळे वेचायला पहाटे जावं लागते, आणि अस्वल पण त्याच वेळी त्याच झाडाखाली येते कारण त्याला मोह आपल्यापेक्षा जास्त आवडतो. अस्वलाचं नाक तिखट पण नजर कमी, खाली मान घालून खात असलं की त्याला आपण आल्याचं कळत नाही आणि मग एकदम समोर दिसलो की ते अंगावर येते. म्हणून आमच्याकडे बाया गप्पा मारत, हाका देत, चार-पाच जणी मिळून जातात. माझी आई झाडापासून लांबूनच काठी खोडावर वाजवायची. हे शहरातले लोक म्हणतात ना की जंगलात शांत राहा, ते प्राणी बघायला आलेल्यांसाठी ठीक आहे. कामाला आलेल्या माणसाने आवाज करावा.

तेंदूपत्त्याला वाकून पानं तोडायची असतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. म्हणून एक जण उभा राहून बघत राहतो. हा नियम आमच्या टोळीत कधी मोडला नाही.

आवाज ओळखायला शिका. वानर झाडावरून खॅक खॅक करत एकाच दिशेला बघत असलं तर ते पक्कं, त्याला वरून दिसते. सांबराने ढांक केलं तर जागेवर थांबा. चितळ कधी कधी उगाच पण ओरडते. भेकर कुत्र्यासारखं भुंकते, नवीन माणसाला वाटते गाव जवळ आलं आणि तो त्याच दिशेने चालत जातो.

एक मनातली गोष्ट. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तिथून वणवा लागते आणि डोंगरच्या डोंगर जातात. जाळी अंथरली किंवा पाला झाडून घेतला तरी काम होते. आमच्या गावात आता बऱ्याच जणांनी पेटवणं बंद केलं, मला त्याचा फार आनंद आहे.

आणि हो, पुढे कोणी चापडा सापाबद्दल लिहिणार असेल तर सांगतो, इकडे बस्तरच्या बाजूला चापडा म्हणजे लाल मुंग्यांची चटणी. पानं शिवून घर करणाऱ्या मुंग्या. आंबट, तिखट, तापात तोंडाला चव आणते.

कातळफूल
१३ जून

मी रत्नागिरी जिल्ह्यात डॉक्टर आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात बरीच वर्षं काढली. आगोट यांनी फुरशांचा उल्लेख केला म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कारण दर पावसाळ्यात तेच तेच घडताना बघते.

कोकणात सर्वात जास्त चावतं ते फुरसं. वीतभर-दीड वीत लांबीचं, मातकट, कातळावर दगडाखाली बसलेलं, अंगावर अंग घासून खरखर आवाज करतं. लहान आहे म्हणून लोक दुर्लक्ष करतात, "जरासं चावलंय" म्हणून घरी बसतात. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, आणि ते लगेच दिसत नाही. आम्ही एक साधी टेस्ट करतो, दोनेक मिली रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की विष चढलंय. पेशंट समोर बसून बोलत असतो आणि नळीतलं रक्त वाहतं, ते बघून नातेवाइकांचा चेहरा पडतो.

मण्यार उलट. रात्री, जमिनीवर झोपलेल्याला, दुखतही नाही, खूण पण सापडत नाही. पहाटे पोटात कळ, पापण्या जड, बोलणं जड. पावसाळ्यात पहाटे अचानक अशी लक्षणं आली तर अपचन समजू नका. कॉटवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. मच्छरदाणीने मलेरिया टळतो तशी मण्यारही टळते.

साप चावल्यावर: चावल्याच्या वर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मंत्रात वेळ घालवू नका. अंगठी, बांगड्या काढा कारण सूज येते. हात-पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवा, चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. साप मारून आणायची गरज नाही, आपल्याकडचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच असतं. आंबोलीकडच्या हिरव्या चापड्यावर ते लागू पडत नाही, पण म्हणून घरी बसायचं नाही, सूज आणि रक्ताकडे लक्ष ठेवावंच लागतं.

लाल विंचवाबद्दल. माझ्या लहानपणी गावात विंचवाने मुलं जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीसारख्या ठिकाणी रात्र रात्र पेशंटजवळ बसून बघितलं की मूल हृदय आणि फुप्फुसावरच्या ताणाने जातं, आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी वापरायला सुरुवात केली. त्या गोळीने किती घरं वाचली असतील. घाम, गार पडलेले हातपाय, उलट्या, तोंडाला लाळ दिसली की लगेच आणा, नुसतं दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवण्यासारखं ते नसतं.

पाणकोंबडी
१३ जून

डॉक्टर, माझ्या सासरी अजून पाय चावल्याच्या वर घट्ट बांधतात. आधीच कोणी बांधून आणलं असेल तर रस्त्यात सोडायचं का?

कातळफूल
१३ जून

रस्त्यात एकदम सोडू नका. तसंच घेऊन या, इथे औषध आणि सलाइन तयार ठेवून आम्ही हळूहळू सोडतो. पण पुढच्या वेळी बांधूच नये यासाठी सासरी आत्ताच बोलून ठेवा, चावल्यावर कोणी ऐकत नाही.

आगोट
१५ जून

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. आमच्या वाडीच्या ग्रुपवर तुमचा प्रतिसाद टाकला, चालेल ना?

आता गव्यांचं राहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत सकाळी पोफळीला पाणी सोडायला गेले होते, धुकं होतं. पाटाचं दार काढायला वाकले आणि गोठ्यासारखा वास आला, पण आमची गुरं तर बांधलेली. मान वर केली तर वीसेक पावलांवर गवा. समोरून नाही, आडवा उभा, पूर्ण बाजू माझ्याकडे करून. तो असा आडवा उभा राहतो तेव्हा आपण केवढे आहोत ते दाखवत असतो, हे मला नंतर वनखात्याच्या एका वनरक्षकाने सांगितलं. काळी तुकतुकीत पाठ, त्यावर दवाचे थेंब, चारी पाय गुडघ्यापासून खाली पांढरे, आणि कान सतत हलणारे. त्याने नाकातून जोरात फुस्स केलं आणि पुढचा पाय एकदा आपटला. माझे पाय पळायला निघाले होते, खरंच सांगते. पण मागे पोफळी होत्या. एक पाऊल मागे, पोफळ मध्ये. अजून दोन पावलं, अजून एक पोफळ मध्ये. त्याच्याकडे पाठ केली नाही, डोळ्यातही रोखून बघितलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने मान खाली घातली आणि व्हाळाच्या बाजूने उतरून गेला, आणि त्याच्या मागून धुक्यातून अजून चार निघाले, त्यात एक लालसर वासरू. मी पळाले असते तर काय झालं असतं हे त्या वासराला बघितल्यावर कळलं.

२०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडमध्ये गवा शिरला होता, आठवत असेल. लोक मागे धावले, तो पळत राहिला आणि शेवटी मेला. मी ते व्हिडिओ इथे बसून बघत होते आणि रडले होते. एवढा मोठा प्राणी पण पळवलं की त्याचं काळीज थांबतं. त्याला फक्त वाट मोकळी पाहिजे असते.

दुसरं, वाघा-बिबट्यापेक्षा मला इथे गोचिडीची भीती जास्त वाटते. माकडताप आमच्या तालुक्यात २०१६ मध्ये आला. मूळ कर्नाटकातल्या शिमोग्याच्या क्यासनूर जंगलातला, तिथे १९५७ ला सापडला होता. काजूच्या हंगामात, जानेवारी ते मे, वाळक्या पाल्यात बसून बिया गोळा करणाऱ्यांना होतो, कारण खसखशीएवढ्या गोचिडी त्याच पाल्यात असतात. आमच्या वाडीतल्या एका वहिनींना झाला होता, ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंगाची उठता येईना अशी अवस्था, महिनाभर घरचं सगळं थांबलं. तेव्हापासून आम्ही सगळ्या जणी पूर्ण बाह्या, पॅन्ट मोज्यात खोचलेली, आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल लावून जातो, पाल्यावर बसत नाही, जेवायला घरी येतो. आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, आणि केसात, काखेत, गुडघ्यामागे एकमेकींना बघतो. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढायची, जाळायची नाही, चिरडायची नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही आणि लगेच कळवायचं.

माडाखाली
१५ जून

माकडतापाचा लिवलास ता बरा केलास, मुंबयच्या लोकांक म्हायतच नाय.

मी एक विनंती करतो. गावाला बंद घरं ज्यांची आहेत त्यांनी मागच्या विहिरीला कठडा बांधा किंवा जाळी टाका. आमच्या कठडा नसलेल्या विहिरीत तीन वर्षांपूर्वी बिबट्या पडला. कुत्र्याच्या मागे लागला असणार. रात्रभर आतल्या कपारीला धरून होता, पुढच्या पायांची नखं झिजून रक्त आलं होतं. वनखात्याच्या लोकांनी पिंजरा दोरांनी खाली सोडला, दार उघडं ठेवून, आणि सगळ्यांना लांब केलं. आम्ही तीनशे फुटांवर उभे. तासाभराने तो स्वतःहून आत शिरला. त्याच उन्हाळ्यात मी कठडा बांधला, चिरे आणि मजुरी धरून फार खर्च येत नाही.

डोंगरवाट
१७ जून

माझा पण एक अनुभव, गेल्या फेब्रुवारीतला. किल्ल्याचं नाव देत नाही. कड्याच्या पोटाशी आग्यामोहोळ होतं, सात-आठ पोळी, आणि बरोबर त्याच्याखाली आमच्यातल्या दोघांनी चहासाठी आग केली. धूर सरळ वर. पहिली माशी कानाजवळून गेली तेव्हा सगळे हसत होते, अर्ध्या मिनिटात अकराही जण पळत होतो. जे हात हलवून हाकलत होते त्यांना सर्वात जास्त चावल्या. माझ्याजवळ स्लीपिंग बॅगचं कव्हर होतं ते डोक्यावर ओढलं आणि दाट कारवीत घुसून पडून राहिलो. एकाने टाक्यात उडी मारायचा विचार केला, बरं झालं नाही मारली, वर डोकं काढायची त्या वाट बघत बसतात. खाली आल्यावर एटीएम कार्डाच्या कडेने काटे खरवडून काढले. एकाला साठच्या वर होते, त्याला दोन दिवस ॲडमिट ठेवलं.

त्या माशांची काही चूक नव्हती हे मला तेव्हाच कळत होतं. आता कड्याखाली बसायच्या आधी मी वर बघतो.

ताई, जुलैचा प्लॅन बदलला. मित्राच्या गावी भातलावणीला जातोय आठ दिवस.

आगोट
१७ जून

भातलावणीला नक्की जा. पायाला जखम असेल तर चिखलात उतरायच्या आधी आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोच्या (चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्यांबद्दल विचार. इरलं घालायला मिळालं तर घाल, रेनकोटमध्ये वाकून काम करता येत नाही.

आमच्याकडे परवा रात्री हत्ती येऊन गेले. कर्नाटकातून २००२ पासून या खोऱ्यात येतात. आम्ही काहीच ऐकलं नाही, पावसाचा आवाज एवढा होता. सकाळी बघितलं तर घरामागच्या फणसाच्या खालच्या फांद्या मोडलेल्या, पाच फणस गायब, बाकी केळीला हात नाही की पाण्याच्या पाइपला पाय नाही. मऊ मातीत ठसा अगदी स्वच्छ उमटला होता, गोल, परातीएवढा, आत पाणी साचलेलं आणि त्यात एक बेडूक. पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दुप्पट केला की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची येते, म्हणून मी सुतळी लावून मोजलं. ४ फूट २ इंच. म्हणजे ८ फूट ४ इंच. आजी काठी टेकत बघायला आल्या, सुतळी हातात धरून आमच्या दाराच्या चौकटीला लावून बघितली आणि मग म्हणाल्या, "उरलेले फणस आजच काढ बाय, दोन माझ्या दाराकडले पण काढ." आत्ता पाऊस जरा थांबलाय, नवरा शिडी लावतोय, मी कोयती घेऊन निघते.